संख्याशास्त्राच्या एम.एस्सी.ची दोन वर्षे आणि नोकरीचा आराखडा

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या संख्याशास्त्र विभागात २०२३ साली मी एम.एस्सी.ला प्रवेश घेतला, तेव्हा पुढे काय करायचे याविषयीच्या आमच्या वर्गातल्या सगळ्या गप्पा परीक्षांच्या नावांभोवती फिरत असत. कोणी भारतीय सांख्यिकी सेवेचे, म्हणजे आयएसएसचे नाव घेई, कोणी ॲक्च्युरी, म्हणजे विम्यातल्या जोखमीचे गणित मांडणारा तज्ज्ञ, होणार असे सांगे, ज्यांना शिकवण्याची आवड होती ते नेट-सेट या प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षांकडे डोळे लावून बसलेले असत आणि उरलेले ‘डेटा सायन्समध्ये जाऊ’ एवढ्यावर विषय संपवत. यांपैकी कोणताही मार्ग वावगा नव्हता. मात्र त्या त्या पदावरचा माणूस सकाळी अकरा वाजता आपल्या टेबलापाशी नेमके काय करत असतो, हे आमच्यापैकी एकालाही सांगता आले नसते, आणि ते ठाऊक नसताना केलेली निवड ही निव्वळ नावाची निवड ठरते, असे मला पहिल्या सत्रापासूनच वाटू लागले होते.

घरची परिस्थिती इथेच सांगितली पाहिजे, कारण माझ्या आराखड्यातली पहिली आणि सर्वांत पक्की तारीख घरातूनच आली. माझे वडील सोलापुरात यंत्रमाग कारखान्यात कामाला आहेत. चादरी आणि टॉवेल विणणाऱ्या मागांवर त्यांची उमर गेली आणि घरात पैसा येतो तो आठवड्याच्या हिशेबाने. माझे एम.एस्सी. संपेल त्याच वर्षी धाकटा भाऊ बारावी होणार होता व त्याला अभियांत्रिकीला जायचे होते. वडिलांनी ‘अमुक हो’ असे मला कधी सांगितले नाही. “बाळा, शिकून झाल्यावर पगार कधी सुरू होईल तेवढं सांग, म्हणजे मला उसनवारीचा अंदाज येईल. बाकीचं तुला आमच्यापेक्षा जास्त कळतं,” एवढेच ते म्हणाले. मी त्यांना जुलै २०२५ असे सांगितले आणि पुढचा सगळा विचार त्या महिन्यापासून मागे मोजत केला. करिअर मार्गदर्शनाच्या व्याख्यानांत वक्ते ‘आधी आपली आवड ओळखा’ असे सांगतात. ज्यांच्या घरी दोन-तीन वर्षे वाट पाहण्याची सोय आहे त्यांच्यासाठी ते ठीक आहे. माझ्यासारख्यांनी आधी तारीख ठरवावी आणि त्या तारखेच्या आत जे जे बसते त्यात आवड शोधावी, हे माझे मत तेव्हाही होते व आजही आहे.

पहिल्या सत्रात मी केलेले काम अगदी रूक्ष होते. क्लासच्या जाहिराती आणि वरच्या वर्गातल्यांच्या ऐकीव गोष्टी बाजूला ठेवून, जयकर ग्रंथालयात बसून प्रत्येक परीक्षेची मूळ अधिसूचना शेवटच्या पानापर्यंत वाचायची, असा क्रम मी लावून घेतला. त्यातून पहिलीच गोष्ट कळली ती अशी की, आयएसएससाठी एम.एस्सी. लागतच नाही. संख्याशास्त्र हा विषय घेऊन पदवी मिळवलेली, २१ ते ३० वर्षे वयाची व्यक्ती त्या परीक्षेला बसू शकते. त्याच अधिसूचनेतल्या भारतीय अर्थ सेवेला मात्र पदव्युत्तर पदवीची अट आहे, आणि दोन्ही सेवांची जाहिरात यूपीएससी एकत्र काढत असल्यामुळे आमच्यातल्या बऱ्याच जणांनी दोहोंना एकच अट लावून टाकली होती. कर्मचारी निवड आयोगाच्या सीजीएल परीक्षेतून भरले जाणारे कनिष्ठ सांख्यिकी अधिकारी हे पदही पदवीवरच मिळते. त्या पदाचे मूळ वेतन ३५,४०० रुपयांपासून सुरू होते, तर आयएसएसचे ५६,१०० पासून. सहायक प्राध्यापकपदासाठी एम.एस्सी.ला ५५ टक्के गुण आणि नेट किंवा सेट हवी. सीएसआयआर-नेटमध्ये जेआरएफ मिळाली तर पीएच.डी.साठी महिना ३७,००० रुपये अधिछात्रवृत्ती मिळते, आणि आमच्यासारख्या घरात तो आकडा मोठा वाटतो. ॲक्च्युरीच्या मार्गात फेलो होईपर्यंत १३ विषय उत्तीर्ण व्हावे लागतात, प्रत्येकाचे शुल्क वेगळे असते आणि बहुतेक जण नोकरी करत करतच ते पार करतात. शुल्काच्या रकमा पाहिल्यावर हा मार्ग मी निदान पहिल्या पगारापर्यंत तरी बाजूला ठेवला.

यानंतर मी या सर्व परीक्षांचे अभ्यासक्रम छापून आणले, झेरॉक्सच्या दुकानातून मोठे पाठकोरे कागद आणून ते एकमेकांना चिकटवले आणि डावीकडे विषय, वरती परीक्षा असा एक तक्ता आखला. त्यात शेवटच्या दोन उभ्या रकान्यांत आमच्या विभागातले पेपर आणि पुण्यातल्या कंपन्यांच्या जाहिरातींत मागितलेली कौशल्ये लिहिली. हा तक्ता करताना जे उमगले, ते आधी कोणी सांगितले असते तरी माझा विश्वास बसला नसता. संभाव्यता, वितरणे, इन्फरन्स, लिनियर मॉडेल्स आणि सॅम्पलिंग हे भाग जवळजवळ प्रत्येक रकान्यात हजर होते. रिअल ॲनालिसिस आणि लिनियर अल्जिब्राची खोल तयारी फक्त नेट-सेटला लागत होती, कारण तिथे विषय ‘गणितीय विज्ञान’ असा एकत्र आहे. सामान्य अध्ययन आणि इंग्रजी यांचे प्रत्येकी १०० गुण आयएसएसमध्ये होते आणि ते सीजीएल सोडून दुसऱ्या कुठल्याही रकान्यात फारसे उपयोगी पडत नव्हते.

खरा शोध लागला तो सर्व्हायव्हल ॲनालिसिसच्या, म्हणजे एखादी घटना घडेपर्यंत किती काळ जातो याच्या अभ्यासाच्या, ओळीत. आयएसएसच्या चौथ्या पेपरमध्ये सात विभाग असतात व त्यांतले कोणतेही दोन निवडायचे असतात. ‘सर्व्हायव्हल ॲनालिसिस आणि क्लिनिकल ट्रायल’ हा त्यांपैकी एक. ॲक्च्युरीच्या सीएस-२ या विषयातही हेच प्रकरण मोठ्या विस्ताराने आहे, फक्त तिथे रुग्णांच्या जागी विमाधारक येतात. आणि बाणेर, हिंजवडी, खराडी या भागांत औषधांच्या चाचण्यांची आकडेवारी हाताळणाऱ्या ज्या कंपन्या आहेत, त्यांच्या जाहिरातींतही १९५८ सालची कॅपलान-मायर पद्धत आणि १९७२ सालचे कॉक्स मॉडेल यांची नावे ठळकपणे होती. म्हणजे एक वैकल्पिक विषय नीट केला तर तीन दारे अर्धवट का होईना उघडी राहत होती. तिसऱ्या सत्राला वैकल्पिक विषय निवडायची वेळ आली तेव्हा वर्गातल्या अनेकांनी मशीन लर्निंगकडे धाव घेतली. मी सर्व्हायव्हल ॲनालिसिस घेतले आणि पायथॉन फावल्या वेळात शिकायचे ठरवले.

तक्त्याने विषयांचा प्रश्न सुटला, पण अकरा वाजताचा प्रश्न उरलाच होता. त्यासाठी मी आमच्या बी.एस्सी.च्या महाविद्यालयातून आधी बाहेर पडलेल्यांना गाठायला सुरुवात केली. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयात कनिष्ठ सांख्यिकी अधिकारी असलेल्या एका ताईंनी त्यांच्या कामाचे जे वर्णन केले, ते कोणत्याही मार्गदर्शक पुस्तिकेत मला सापडले नव्हते. नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणात शहरातल्या निवडलेल्या एकेका कुटुंबाकडे चार वेळा जावे लागते. पहिल्या भेटीला चहा देणारे घर तिसऱ्या भेटीला दार उघडत नाही, आणि ‘तुम्ही गेल्या आठवड्यात किती तास काम केलं?’ या प्रश्नावर पार्लर चालवणाऱ्या बाई हसून म्हणतात की, गिऱ्हाईक आले तेवढे तास. “पुस्तकातला नॉन-रिस्पॉन्स म्हणजे काय, ते मला तिसऱ्या मजल्यावरच्या बंद दारासमोर कळलं,” असे ताई म्हणाल्या. त्यांना हे काम मनापासून आवडते. मला ते ऐकायला आवडले, परंतु रोज अनोळखी दार वाजवण्याचा माझा पिंड नाही हेही त्याच संभाषणात मला कळून चुकले.

शिकवण्याच्या मार्गाविषयी फार विचारावे लागले नाही. मला बी.एस्सी.ला शिकवणारे एक सर सेट उत्तीर्ण असून कित्येक वर्षे तासिका तत्त्वावरच होते, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांचे मानधन थांबते हे आम्हा विद्यार्थ्यांनाही ठाऊक होते. त्यांचा सल्ला मात्र उलटा होता: सेट आत्ताच देऊन टाक, कारण अभ्यास ताजा आहे आणि प्रमाणपत्राला मुदत नाही; कायम जागा निघेल तेव्हा ते हातात असलेले बरे. परीक्षेला बसलेल्यांपैकी सुमारे सहा टक्केच पात्र ठरतात, त्यामुळे ‘देऊन टाकणे’ एवढे सोपे नाही, हेही त्यांनी जोडीला सांगितले.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार राज्यातल्या विद्यापीठ विभागांत २०२३-२४ पासून एम.एस्सी.च्या दुसऱ्या सत्रात प्रत्यक्ष कामाचे प्रशिक्षण, म्हणजे ओजेटी, चार श्रेयांकांसाठी आले. आमची तुकडी पहिलीच असल्यामुळे विभागातल्या शिक्षकांनाही ते नवे होते आणि जागा शोधण्याचे काम बरेचसे विद्यार्थ्यांवरच पडले. काहींनी नातेवाइकांच्या कचेरीतून प्रमाणपत्र आणून विषय मिटवला. मी एका माजी विद्यार्थिनीच्या ओळखीने बाणेरच्या एका छोट्या कंपनीत गेले. तिथे परदेशी औषध कंपन्यांच्या चाचण्यांची आकडेवारी सॅस या सांख्यिकी संगणकप्रणालीत तपासून, ठरलेल्या सीडिस्क मानकांनुसार मांडून, शेवटी तक्ते आणि आलेख तयार करण्याचे काम चाले. माझ्या वाट्याला रुग्णांची ओळख काढून टाकलेली, सरावासाठी ठेवलेली जुनी माहिती आली.

त्या काळात मी जे पाहिले त्यातल्या एका गोष्टीने माझा निर्णय जवळपास केला. एका रुग्णाच्या नोंदीत मळमळ सुरू झाल्याच्या तारखेच्या जागी फक्त महिना आणि वर्ष होते, दिवस नव्हता. त्याच महिन्याच्या मध्यावर त्याला औषधाचा पहिला डोस मिळाला होता. मळमळ डोसाच्या आधीची मानायची की नंतरची, यावर ती नोंद दुष्परिणामांच्या तक्त्यात येणार की नाही हे ठरणार होते. माझा पहिला विचार महिन्याची एक तारीख धरण्याचा होता. सोबतच्या वरिष्ठ मॅडमनी मला विश्लेषणाच्या आराखड्यातला नियम उघडून दाखवला. महिना आणि वर्ष डोसाच्या महिन्याशी जुळत असतील तर पहिल्या डोसाचीच तारीख धरायची, म्हणजे शंका असेल तेव्हा ती औषधाच्या विरुद्ध मोजली जाते. हा नियम आकडेवारी हाती येण्याआधीच लिहून ठेवलेला असतो, नंतर सोयीनुसार तो ठरवता येत नाही. वर्गात ‘मिसिंग डेटा’वर आम्ही पानेच्या पाने प्रमेये लिहिली होती, पण एका न लिहिलेल्या दिवसामागे एवढी शिस्त असू शकते हे तिथे बसल्याशिवाय कळले नसते.

दुसरी गोष्ट सॅसच्या लॉगची. प्रोग्राम चालवला की लॉगच्या, म्हणजे नोंदींच्या, खिडकीत चुका लाल, इशारे हिरवे आणि साध्या सूचना निळ्या रंगात येतात. नवशिका लाल रंग नाही ना एवढे पाहून निर्धास्त होतो. मॅडम मात्र निळ्या ओळी वाचत. दोन डेटासेट जोडताना दोन्हींमध्ये एकाच रुग्णाच्या एकाहून अधिक ओळी असतील तर सॅस कामही थांबवत नाही आणि चूकही दाखवत नाही. एक निळी ओळ तेवढी टाकतो आणि पुढच्या सगळ्या संख्या चुकीच्या होऊन जातात. शिवाय तिथला प्रत्येक महत्त्वाचा तक्ता दोन माणसे एकमेकांचा प्रोग्राम न पाहता स्वतंत्रपणे बनवत आणि मग दोहोंचे निकाल यंत्राकडून ताडून घेतले जात. एका दशांशाचाही फरक निघाला तर दोघेही आपापली कामे पुन्हा तपासत. काहींना हे कंटाळवाणे वाटेल. मला त्यात, वडील विणलेल्या चादरीवरून हात फिरवत तुटलेला धागा शोधतात, तसे काहीतरी दिसले, आणि अकरा वाजता हेच काम करत बसायला माझी हरकत नाही असे मी घरी कळवले.

दुसरे वर्ष त्यामुळे तुलनेने सरळ गेले. कमवा आणि शिका योजनेतले काम, प्रकल्प आणि सॅसचा सराव यांत दिवस भरून जात. यूपीएससीची आयएसएस आणि सेट अशा दोन्ही परीक्षा २०२५ च्या जूनमध्येच येणार होत्या, आणि मी सेट निवडली. आयएसएससाठी माझे संख्याशास्त्राचे चार पेपर बऱ्यापैकी तयार होते, पण सामान्य अध्ययनाला लागणारा वेळ मला एम.एस्सी.च्या शेवटच्या सत्रातून काढायचा नव्हता. जागांचा आकडा दोन अंकी असलेल्या परीक्षेला अर्ध्या तयारीने बसून अनुभव घेण्याची पद्धत पुष्कळांना मानवते. मला त्यातून हाती काही लागेल असे वाटले नाही.

मुलाखतींविषयी एवढेच सांगते की, ज्या प्रश्नांची मी भीती घेतली होती ते फारसे आलेच नाहीत. एका ठिकाणी विचारले गेले, “चाचणी चालू असताना रुग्ण गाव सोडून निघून गेला, पुढे संपर्क नाही. त्याची नोंद काढून टाकाल?” काढून टाकली तर तो जितके महिने सुखरूप होता ती माहिती फुकट जाते, आणि तो बरा झाला असे धरले तर औषध आहे त्याहून चांगले दिसते, म्हणून शेवटच्या भेटीपर्यंतचा काळ ठेवून पुढचा भाग सेन्सर झाला, म्हणजे अज्ञात राहिला, असे मानायचे, असे मी सांगितले आणि फळ्यावर कॅपलान-मायरची पायरी काढून दाखवली. त्यावर त्यांनी मला पुढचा प्रश्न विचारलाच नाही. पगाराच्या गोष्टी सुरू झाल्या.

त्याच कंपनीने देऊ केलेल्या पत्रात मात्र दोन वर्षांचा बॉण्ड होता आणि तोवर मूळ गुणपत्रिका कंपनीकडे जमा ठेवण्याची अट होती. रक्कम चांगली होती, हिंजवडीला जायला बसची सोय होती, आणि वर्गातल्या दोघांनी त्या अटीवर सही केलीही. मी विभागातल्या एका मॅडमना पत्र दाखवले. त्यांनी विचारले, “सेट झालीस तर कागदपत्रांच्या तपासणीला काय घेऊन जाणार? उद्या शासकीय जागेच्या मुलाखतीला बोलावलं तर?” मी कंपनीला साक्षांकित प्रती देण्याची तयारी दाखवली, धोरण सर्वांना सारखेच आहे असे उत्तर आले. घरी फोन केला तेव्हा वडिलांना बॉण्ड म्हणजे काय हे समजावून सांगावे लागले नाही. मागावाल्यांना उचल देऊन बांधून ठेवण्याची रीत त्यांना चांगली ठाऊक होती. “कागद कुणाच्या ताब्यात देऊ नको. पगार हजार-दोन हजार कमी चालेल,” असे ते म्हणाले. प्रत्यक्षात फरक त्याहून बराच मोठा होता, आणि तो किती ते मी त्यांना पुढे पहिला पगार झाल्यावर सांगितले.

ओजेटी केलेल्या बाणेरच्या कंपनीने सहा महिन्यांच्या प्रशिक्षणकाळात विद्यावेतन, त्यानंतर पगार आणि बॉण्डशिवाय नेमणूक असा प्रस्ताव दिला. नोटीस कालावधी ९० दिवसांचा होता. तो जास्त आहे असे मी म्हणून पाहिले, पण त्यात बदल झाला नाही. २०२५ च्या जुलैमध्ये मी रुजू झाले, भावाच्या प्रवेशाच्या पहिल्या हप्त्यापुरते उसने घ्यावे लागले आणि दुसरा हप्ता माझ्या विद्यावेतनातून गेला. सेटमध्ये मी पात्र ठरले. प्रमाणपत्र आणि मूळ गुणपत्रिका सोलापूरला आईच्या कपाटात आहेत.

आयएसएससाठी वयाची मुदत अजून बरीच शिल्लक आहे. चौथ्या पेपरसाठी ‘सर्व्हायव्हल ॲनालिसिस आणि क्लिनिकल ट्रायल’ हा विभाग रोजच्या कामातच तयार होतो आहे, दुसरा ‘डिझाइन ऑफ एक्सपेरिमेंट्स’ घ्यायचा विचार आहे. सामान्य अध्ययनाला मात्र भावाचे दुसरे वर्ष सुरू होईपर्यंत हात लावायचा नाही असे ठरवले आहे, कारण प्रशिक्षणकाळ संपून पूर्ण पगार सुरू झाल्यावर त्याच्या फीची तजवीज आधी करायची आहे, आणि संध्याकाळी सातनंतर बाणेरहून खोलीवर परतल्यावर सध्या जेमतेम दोन तास उरतात, ते आर ही संगणकभाषा शिकण्यात जातात.